पहिल्याच सेल्फला

१

गाडी पहिल्याच सेल्फला सुरू झाली, आणि पोलीस अधिकारी तेर्ही मोइलानेनने किल्लीवरचा हात काढून घेतला.

ती सुरू व्हायलाच नको होती. याच गाडीने ऐन वेळी दगा दिला म्हणून ओइवा कार्पिनेन, वय वर्षं चौऱ्याहत्तर, एका शनिवारी संध्याकाळी उणे एकतीस अंशांच्या थंडीत तळ्याकाठच्या आपल्या शिकारीच्या झोपडीतून गावाकडे चालत निघाला होता. रविवारी सकाळी तो निम्म्या वाटेत सापडला, रस्त्याकडेच्या बर्फाला पाठ टेकून बसलेला. अंगावर ओरखडा नव्हता. थंडीने मृत्यू, असं डॉक्टरांनी लिहिलं. सालमिवारा गावाने तर डॉक्टरांच्याही आधी निकाल देऊन टाकला होता. बॅटरी उतरली. या मुलखात हिवाळ्यात गाडी अडली की बॅटरीच उतरते, त्यात कुणी डोकं चालवत नाही.

आता या गोष्टीला तीन आठवडे झाले होते. गाडी पोलीस ठाण्यामागच्या उघड्यावाघड्या शेडमध्ये कुडकुडत पडून होती. वसंतात हे ठाणंच बंद व्हायचं होतं आणि तेर्हीला दीडशे किलोमीटर लांब बदली मिळाली होती. तिचे गुडघे दुखत होते, झोप नीट होत नव्हती आणि गाडी नातेवाइकांच्या ताब्यात देऊन एक फाइल मिटवावी, एवढीच तिची त्या दिवसाकडून अपेक्षा होती. सुरू होते का बघावी म्हणून सहज तिने किल्ली फिरवली, तर इंजिन गुरगुरायला लागलं.

शेडच्या दाराशी मेलेल्याची मुलगी उभी होती. आइला. चाळिशीची, हातमोजे काढून परत घालणारी. ऑक्टोबरात ती बॅटरी तिने स्वतः विकत आणून स्वतःच्या हाताने बसवली होती, आणि म्हणूनच गाव तिच्याशी बोलेनासं झालं होतं. आईने तर निरोप पाठवला होता की शनिवारी दफनाला येऊ नकोस, शवपेटीजवळ तू मला दिसता कामा नयेस.

गाडीचा आवाज ऐकून आइला जागच्या जागी थिजली.

"बॅटरी उतरली होती म्हणतात ना सगळे?" ती म्हणाली.

"म्हणतात खरं."

"मला गाडी नको. मला एवढंच सांगा, माझ्यामुळे गेले का ते? शनिवारच्या आत सांगा."

तेर्हीला नाही म्हणायचं होतं. पण तेवढं बोलण्याचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं, म्हणून ती हो म्हणाली.

२

तिने ठाण्याच्या आवारात बोलावलेला वाहन तपासणी केंद्रातला इल्पो म्हणजे उंटावरचा शहाणा. गाडी बघण्याआधीच त्याचं निदान तयार असायचं. "ओढून आणताना हादरे बसले असणार," तो म्हणाला, "बॅटरीची वायर ढिली असेल, ती आपसूक जागेवर बसली. कावळा बसायला आणि फांदी मोडायला."

तेर्हीने त्याला बोलू दिलं आणि मीटर हातात दिला. गप्पा मारतानाही त्याचे हात मात्र नीट काम करत. बॅटरीत साडेबारा व्होल्टच्या वर. तीन आठवड्यांच्या थंडीनंतर! सेल्फ मारताना दहाच्या खाली उतरली नाही. म्हणजे ताकद भरपूर. वायरींच्या टोकांशी गंज नाही, ढिलेपणा नाही. बॅटरीपासून स्टार्टरपर्यंत वाटेत कुठे प्रवाह गळत नव्हता, आणि इंजिनची अर्थिंगची जाड पट्टीही घट्ट होती.

"अशी बॅटरी माझ्या गाडीत असती तर मी चर्चमध्ये मेणबत्ती लावली असती," इल्पो म्हणाला. मग त्याने दुसरं निदान काढलं, की म्हातारा चक्रम होता, गाडी सुरू न करताच चालत सुटला असेल.

तेही पटणारं नव्हतं. ओइवाने त्या संध्याकाळी मुलाला, यार्मोला, फोन केला होता. फोन झाल्याची नोंद होती, आणि गाडी सुरू होत नाही असंच तो म्हणाल्याचं यार्मोने जबाबात सांगितलं होतं.

तेर्ही कंटाळून गाडी परत शेडमध्ये लावायला निघाली. दाराशी ठाण्याचा सफाईवाला फावडं घेऊन पाठमोरा उभा होता. तिने हॉर्न दाबला. आवाज नाही. पुन्हा दाबला. सफाईवाला आपल्या तंद्रीत बर्फ उपसत राहिला.

इल्पोने कपाळाला आठ्या घालत बोनेट उघडलं आणि फ्यूजच्या पेटीचं झाकण काढलं. आत रिले रांगेने बसलेले होते, काडेपेटीहून लहान काळ्या डब्या. प्रत्येक डबी एकेका कामाची. किल्ली फिरली की स्टार्टरला प्रवाह सोडणारी एक, हॉर्न दाबला की हॉर्नला सोडणारी दुसरी. हॉर्नच्या जागी नुसतंच भोक होतं.

"हा कुठे पडत नाही," इल्पो पहिल्यांदाच हळू आवाजात बोलला. "हा ओढून काढावा लागतो."

३

झोपडीकडे जाणारा जंगलातला रस्ता ताइस्तो मॅत्ताच्या घरासमोरून जातो, आणि गाडीने जायला दुसरी वाट नाही. ताइस्तो आणि ओइवा यांचं दहा वर्षं बोलणं नव्हतं. ओइवाने त्याला एल्क हरणांच्या शिकारीच्या टोळीतून काढायला लावलं होतं. गोळी कुणाची लागली यावरून तो वाद झाला होता आणि तो इतका जुना झाला होता की आता त्या हरणालाही त्यात रस उरला नसता.

तेर्हीच्या डोक्यात सरळ होतं की वैर आहे, रस्ता दारातला आहे, म्हणजे इथून सुरुवात. ताइस्तोने न विचारता कॉफी ओतली, दालचिनीचा पाव पुढे सरकवला आणि स्वतःच सुरू झाला.

"मी मारला असता तर दहा वर्षांपूर्वी मारला असता. आता कुणाला उत्साह आहे?"

मग तो ओइवाच्या खोड्या सांगत बसला. त्यातली मोठी खोडी हॉर्नची. झोपडीकडे जाताना ओइवा मुद्दाम ताइस्तोच्या टपालपेटीशी गाडी हळू करायचा आणि लांबलचक हॉर्न वाजवायचा. दोनदा. दहा वर्षं, दर खेपेला.

"त्या शनिवारीही?" तेर्हीने कप खाली ठेवला.

"दुपारी. मी झोपलो होतो. मुद्दाम त्याच वेळी." ताइस्तो खिडकीबाहेर बघायला लागला. "आता कोणी वाजवत नाही, तर दुपारी झोपच लागत नाही."

त्या दिवशी मागोमाग दुसरी कुठलीच गाडी आत गेली नव्हती, याची त्याला खात्री होती. रविवारी सकाळी मात्र यार्मोची गाडी गेली आणि पाठोपाठ यार्मोचा फोन आला, की बाबा रस्त्यात सापडलेत, घोंगडी घेऊन ये. ताइस्तो धावत गेला. घोंगडीचा काही उपयोग नव्हता. रुग्णवाहिका यायला वेळ होता. यार्मो म्हणाला, झोपडीतला स्टोव्ह पेटता राहिला असेल, बघून येतो, आणि गेला.

"एकटा?"

"मग काय, म्हाताऱ्याला एकट्याला सोडणार? मी बसलो त्याच्याजवळ." ताइस्तोने पाव मोडला आणि तसाच बशीत ठेवून दिला. "बोललोही. दहा वर्षांचं काय काय बोललो. त्याने एकदाही मधे तोंड घातलं नाही."

तेर्ही उठली. तिला घरी जाऊन झोपायचं होतं. पण हॉर्न शनिवारी दुपारी वाजत होता, आणि त्यानंतर त्या गाडीपाशी पोचलेल्या माणसांची यादी बोटांवर मोजण्याइतकीही नव्हती.

४

यार्मो आईबरोबर, सिल्वीबरोबर राहत होता. गुरुवार होता, म्हणून इथल्या रिवाजाप्रमाणे घरात वाटाण्याचं सूप होतं. सिल्वीने तेर्हीपुढे वाटी ठेवली आणि मोहरीची बाटली सरकवली. पाहुणा पोलीस असला तरी गुरुवारी उपाशी परत जात नाही.

यार्मो पन्नाशीला टेकलेला, बापासारखाच रुंद, लाकूडतोडीच्या यंत्रांवर काम करणारा. तो सूप खात नव्हता, नुसतं ढवळत होता. तेर्हीने त्याला फोनबद्दल पुन्हा विचारलं. त्याने जबाबातलंच सांगितलं. बाबा म्हणाले, किल्ली फिरवली की नुसती टकटक होते, दिवे मिणमिणतात, बॅटरी गेली. यार्मो म्हणाला, रात्र तिथेच काढा, सकाळी येतो.

"दिवे मिणमिणतात, असं म्हणाले? नक्की?"

"नक्की."

"स्वस्तातली घातली असणार तिने," सिल्वी म्हणाली. "यार्मो घालत होता, तर म्हणे मला येतं. येतं म्हणे."

"आई, जाऊ दे ना," यार्मो पुटपुटला.

"का जाऊ दे? शनिवारी ती तिथे आली तर मी परत फिरेन."

तेर्हीने सूप संपवलं, आभार मानले आणि बाहेर आली. अंगणात बर्फावर चालणारी स्कूटर उभी होती. तिथून उतार सरळ गोठलेल्या तळ्यावर जात होता, आणि तळ्यापलीकडे झाडांच्या कडेला ओइवाच्या झोपडीचं काळपट छप्पर दिसत होतं. रस्त्याने केवढा तरी वळसा. तळ्यावरून गेलं तर सूप निवायच्या आत पोचावं. ताइस्तोच्या दारावरून जायची गरजच नाही.

ती शेडमध्ये परत आली, इल्पोला बोलावलं आणि म्हणाली, "स्टार्टरचा रिले काढ."

इल्पोने काढला. तिने किल्ली फिरवली. काहीच झालं नाही. टकटक नाही, घरघर नाही. समोरचे दिवे शेडच्या भिंतीवर लख्ख पडले होते आणि तिने कितीदाही किल्ली फिरवली तरी तसूभर मंद झाले नाहीत. हातातली ती काळी डबी मग इल्पोने हॉर्नच्या रिकाम्या जागेत बसवली. चपखल बसली. हॉर्न केकाटला आणि सफाईवाल्याच्या हातातलं फावडं खाली पडलं.

५

दुसऱ्या दिवशी तेर्हीने यार्मोला लाकडाच्या शेडमध्ये गाठलं. आईसमोर नको, एवढं तिला कळत होतं. तो लाकडं फोडत होता. ती एका ओंडक्यावर बसली, कारण उभं राहायचा तिला कंटाळा आला होता.

"मी बोलते, तू ऐक," ती म्हणाली. "हॉर्नचा रिले स्टार्टरच्या जागी बसवलेला आहे. कोणी तरी तो बसवला, म्हणजे त्याआधी स्टार्टरचा नाहीसा झालेला होता. तुझ्या बाबांनी बसवला असता तर गाडी सुरू झाली असती आणि ते घरी आले असते. म्हणजे ते निघून गेल्यावर बसवला. ते निघाल्यापासून गाडी आमच्याकडे येईपर्यंत तिच्यापाशी एकच माणूस गेला. स्टोव्ह बघायला."

यार्मोने कुऱ्हाड ओंडक्यात रोवली.

"आणि रिले नसला की गाडी गप्प बसते. दिवे लख्ख राहतात. मी करून बघितलं. तुझ्या बाबांनी मिणमिणते दिवे पाहिलेच नाहीत, यार्मो. ते तू रचलेस. बॅटरी उतरलेली गाडी कशी वागते हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं, तेच तू घडाघडा म्हणून दाखवलंस."

 तो भिंतीवर टांगलेल्या कामाच्या जाकिटाकडे गेला, खिशात हात घातला आणि एक काळी डबी तिच्या तळहातावर ठेवली.

"रविवारी दुसरं जाकीट घालून गेलो," तो म्हणाला. "हे घरी राहिलं, म्हणून हॉर्नचा काढून लावला."

बाकीचं त्याने तुटक तुटक सांगितलं. बाबांच्या नजरेच्या मधोमध काळा डाग वाढत होता. डॉक्टरांनी परवाना काढून घेतला, तरी ते चालवत राहिले. आईला वाटे, पन्नास वर्षांचा रस्ता आहे, त्यांचे हात बघतात. जानेवारीत त्यांनी शाळेपाशी स्कीवरच्या दोन पोरांना जवळजवळ उडवलं होतं. तेव्हा यार्मो शेजारी बसला होता, आणि बाबांना पोरं दिसलीच नाहीत. त्या शनिवारी तो तळ्यावरून झोपडीवर गेला, किल्ली द्या म्हणून हातापाया पडला. बाबांनी त्याला हाकलून दिलं. ते बर्फातली मासळीची जाळी बघायला गेले तेव्हा त्याने बोनेट उघडलं. झोपडीत लाकडं होती, भाकरी होती, मासे होते. रात्र काढतील, सकाळी घेऊन येऊ आणि गाडी मोडली म्हणून विकून टाकू, असा त्याचा हिशोब होता.

तेर्हीने विचारलं, इतकी वर्षं यंत्रांवर काढलेल्या तुझ्या बाबांनी हॉर्नचा रिले स्वतःच स्टार्टरला कसा लावला नाही? यार्मो कसनुसा हसला.

"डोळे असते तर बदलला असता. डोळे असते तर मी काढलाच नसता."

"फोनवर काय म्हणाले?"

"म्हणाले, काढलंस ते आत्ता आणून दे, नाही तर चालत येतो. मी म्हटलं, सकाळी. ते म्हणाले, मग निघालो." त्याने तोंड पुसलं. "मला वाटलं धमकी देतायत. आयुष्यभर धमक्याच दिल्या. शनिवार होता, माझ्या पोटात बिअर गेली होती, गाडी चालवता येत नव्हती. तळ्यावरून गेलो असतो. जाता आलं असतं. पण या खेपेला हरायचं नाही असं ठरवलं होतं. ते चालत होते तेव्हा मी सौनात, गरम वाफेत बसलो होतो."

"आणि बॅटरी?"

"रविवारी पोलिसाने विचारलं, काय झालं होतं गाडीला? तोंडातून निघून गेलं. इथे सगळे तेच म्हणतात. आइलाचं नाव मी घेतलं नाही, शपथ घेतो. गावाने घेतलं. मग मला ते परत घेता येईना."

तेर्हीला त्याचा राग यायला हवा होता. राग आलाही, पण त्याखाली नुसता थकवाच होता. बापाला मारायचं कुणाच्या मनात नव्हतं, पोरांना उडवायचं बापाच्याही मनात नव्हतं, आणि या सगळ्याचा भार गेले तीन आठवडे भलतीच एक बाई वाहत होती. खटला भरला जाईल, कलम कोणतं ते सरकारी वकील बघेल, असं तिने त्याला सांगितलं.

"आइलाला मी सांगू?" यार्मोने विचारलं. "तुम्ही सांगायच्या आधी?"

"आज. आईसमोर. आणि मी तिथे असणार."

६

आइला आईच्या स्वयंपाकघरात तीन आठवड्यांनी येत होती. तिने कोट काढला नाही. सिल्वी चुलीकडे तोंड करून उभी राहिली आणि तिने कॉफी केली नाही. त्या घरात पाहुण्याला कॉफी नाही म्हणजे थोबाडीत मारण्यासारखंच होतं.

यार्मोने सांगितलं. टेबलाच्या कडेवरची नजर न उचलता, पण काही न गाळता सांगितलं. तळं, बोनेट, डबी, फोन, सौना. मधेच सिल्वी वळली आणि खुर्चीत बसली.  बाहेरून बर्फ ढकलणारी गाडी गेली.

तेर्हीला वाटलं होतं, आइला ओरडेल. किंवा भावाच्या मुस्काटात देईल. तेर्हीने सांगून टाकलं, की बॅटरी उत्तम होती, आणखी चार हिवाळे गेली असती. आइलाने मान हलवली, पण ती ऐकत नव्हती. ती यार्मोकडे बघत होती.

"तू काढलंस हे बाबांना कसं कळलं?" तिने विचारलं. "दिसत तर नव्हतं त्यांना. बॅटरी गेली असं का नाही वाटलं?"

यार्मोने खालचा ओठ चावला. हे त्याने तेर्हीलाही सांगितलं नव्हतं.

"सांग."

"मी म्हटलं होतं त्यांना. फोनवर. बॅटरी गेली असेल म्हटलं. तर ते म्हणाले, दिवे लख्ख आहेत, मला तेवढं दिसतं. आणि बॅटरी आइलाने बसवलीय. तिने केलेलं काम बिघडत नाही. तू काय काढलंस ते बोल."

तेर्हीने आजवर पुष्कळ कबुल्या ऐकल्या होत्या, पण ही ऐकून तिला खाली बघावंसं वाटलं. बापाच्या तोंडून मुलीसाठी निघालेलं ते बहुधा एकुलतं एक चांगलं वाक्य होतं. तीन आठवडे ते या घरात दाबून ठेवलं होतं, आणि त्याच्या जागी दुसरंच गावभर फिरत होतं.

आइला सावकाश भावासमोर बसली. कोटाची बटणं अजून लावलेलीच होती.

"परत म्हण."

"आइला..."

"तिने केलेलं काम, तिथून म्हण."

"तिने केलेलं काम बिघडत नाही," यार्मो म्हणाला, आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"हात काढ. आता आईकडे बघून म्हण."

"मला ऐकू आलं," सिल्वी म्हणाली. तिचा आवाज ओळखू येत नव्हता.

"तरी म्हणू दे त्याला," आइला म्हणाली.